दोन दारांची गाडी

एकदा एक व्यापारी होता. नदीकाठच्या एका गावात त्याचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान होते. बोलणे मोजके आणि तराजू खरा, म्हणून गावात त्याला सगळे भालचंद्रशेठ म्हणत, आणि त्या 'शेठ'मध्ये थट्टा नसे.

या भालचंद्रशेठांकडे एक मोटार होती. अमेरिकन बनावटीची, फार जुनी. कुण्या संस्थानिकाने हौसेने मागवलेली. पुढे संस्थान गेले, हौस गेली, आणि चार हात फिरून ती शेठजींच्या दारी आली तेव्हा त्यांच्या लग्नाला जेमतेम वर्ष झाले होते. लांबलचक नाक, लोण्यासारखा पिवळसर रंग, मागे माशाच्या परांसारखे वर आलेले दोन कोपरे. चालवायचे चाक डाव्या बाजूला, आणि दारे दोनच. एवढ्या मोठ्या गाडीला दोनच दारे का, असे कोणी विचारले की शेठजींच्या पत्नी कुमुदताई हसून म्हणत, "राजेसाहेबांना मागे बसणाऱ्यांची फिकीर नसणार."

आता त्या गाडीचे वय दिसू लागले होते. चाकांच्या वर गंजाने रंगाला फोड आले होते. रेडिओतून फक्त खरखर येई. डॅशबोर्डवरचे घड्याळ केव्हाच थांबले होते. आणि कुमुदताईंना जाऊन तीन वर्षे झाली होती.

गाडी विकायला काढली होती, हे खरे. शेठजींनी रंगाऱ्याकडून सुबक अक्षरांत पाटी करून घेतली होती, 'गाडी विकणे आहे.' ती त्यांनी गाडीच्या पुढच्या काचेला आतून लावली. मग गाडीवर नाकापासून शेपटीपर्यंत ताडपत्री घातली, दोरी आवळली आणि शेडचे दार ओढून घेतले. कोणी चौकशी केली तर म्हणत, "विकायला काढून वर्ष होत आलं. गिऱ्हाईकच येत नाही." आणि हे ते अगदी मनापासून म्हणत.

तरीही कुठून कुठून ऐकून एखादे गिऱ्हाईक येईच. एकाला शेठजींनी गाडी पेट्रोल किती पिते ते इतके रंगवून सांगितले, की तो चहाही न घेता उठला. दुसऱ्याकडून रंग कधीही बदलणार नाही असे वचन मागितले. तिसरा चांगला होता, हौशी होता. पण त्याने पुढच्या उजव्या सीटवरची शाल उचलून मागे टाकली आणि तिथे बसून पाहिले. व्यवहार तिथेच संपला.

ती शाल कुमुदताईंची. पांढरी, जांभळ्या काठाची. त्या गेल्यापासून ती त्या सीटवर घडी करून ठेवलेली असे आणि त्या सीटवर कोणी बसत नसे. तसा नियम कोणी केला नव्हता. घरात दोघेच उरले होते, शेठजी आणि त्यांची मुलगी शलाका. आणि दोघांत नियम करावा लागत नाही.

शलाका फिजिओथेरपी शिकली होती. आखडलेले सांधे, लुळे पडलेले हात-पाय व्यायामाने पुन्हा चालते करण्याचे शास्त्र. गावात असे कोणी नव्हते. आई असतानाच ठरले होते, की रस्त्याला लागून असलेली गाडीची शेड मोकळी करायची आणि तिथे शलाकाने आपले उपचार केंद्र काढायचे. कुमुदताईंनी खिडक्यांच्या पडद्याचे कापडसुद्धा आणून ठेवले होते. पण आधी गाडी विकली जायला हवी होती. तोवर शलाका रोज सकाळच्या एसटीने तालुक्याला जाई, तिथल्या एका दवाखान्यात पडद्यामागच्या एका खाटेवर लोकांचे गुडघे वाकवी आणि दिवेलागणीला परत येई. शेडबद्दल ती एक शब्द बोलत नसे.

एका रविवारी दस्तगीर मास्तर आले. पंचक्रोशीतल्या सगळ्या लग्नांत ज्यांचा बँड वाजतो, ते हे मास्तर. पोट सुटलेले, मिशी रंगवलेली, बोलण्यात कायम लग्नघराचा उत्साह. शेठजींनी दोऱ्या सोडून ताडपत्री बाजूला केली, तशी ते पाटी वाचून म्हणाले, "शेठ, गाडी विकायला ठेवलीय, का हिला थंडी वाजू नये म्हणून पांघरूण घातलंय?"

"धूळ बसते," शेठजी म्हणाले. "कशाला पाहिजे तुम्हाला?"

"वरातीला. घोडं आजकाल परवडत नाही."

"महाग झालं?"

"नाही हो, बुजतंय. फटाके वाजले की सुटतंय. गेल्या महिन्यात एक नवरदेव घेऊन जे सुटलं, ते शेजारच्या मांडवात जाऊन उभं राहिलं. तिथल्या लोकांनी त्याला ओवाळलं पण."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या शलाकाला हसू आवरले नाही. शेठजी मात्र हसले नाहीत. "इंजिन थकलंय हिचं," ते म्हणाले. "चढ घेत नाही."

"वरातीत गाडी चालवतंय कोण, शेठ? माणसं नाचत जेवढी पुढं सरकतील तेवढीच ही सरकायची. अगदीच बंद पडली, तर आमची पोरं ढकलतील. त्यांना सवय आहे. नवऱ्याचे मामासुद्धा ढकलत न्यावे लागतात."

"रंग बदलायचा नाही."

"कशाला बदलू? वर फुलं चढली की रंग बघतंय कोण."

"रेडिओ चालत नाही."

"आमच्या पुढं रेडिओचं काय चालणार?"

शेठजींनी आणखी दोन-तीन उणिवा सांगितल्या. मास्तरांनी त्या सगळ्या पदरात घेतल्या. जो माणूस काहीही चालेल म्हणतो त्याला नाही कसे म्हणावे, हे शेठजींना कळेना. शेवटी ते म्हणाले, "विचार करून सांगतो."

"करा की." मास्तर निघाले, आणि दारापाशी थांबले. "वहिनींना आमचं वाजप आवडायचं. गणपतीत दुकानासमोर आलो की थांबवून दोन गाणी जास्तीची वाजवून घ्यायच्या. तुम्ही आत गल्ल्यावर असायचा, तुम्हाला माहीत नसेल."

मास्तर गेले. शेठजींनी ताडपत्री पुन्हा चढवली आणि या वेळी दोरी दुहेरी गाठीने बांधली. "वरातीत म्हणे," ते कुणालाच उद्देशून नसल्यासारखे म्हणाले. "फुलं चिकटवणार, फटाके उडवणार. तिची गाडी आहे ती."

शलाका तोवर शेडच्या दारात आली होती. तिने वर पाहिले, शेडच्या कौलांकडे, तिथल्या एका काचेतून येणाऱ्या उजेडाकडे. मग आत जाऊन दुसऱ्या दिवसाचा डबा भरायची तयारी करू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेठजी आपल्या गुरुजींकडे गेले. गुरुजी म्हणजे गावच्या शाळेत शेठजींना लहानपणी शिकवणारे शिक्षक. वय ऐंशीच्या पुढे. गुडघे पार गेलेले. शलाका दर रविवारी येऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घेई आणि न केल्यास रागे भरे. गावातली चार शहाणी माणसे अजून अडल्यानडल्याला त्यांच्या ओसरीवर येऊन बसत. गुरुजी सल्ला क्वचित देत. पुष्कळदा ते नुसते ऐकत, आणि बोलणाराच आपले उत्तर आपण घेऊन उठे.

शेठजींना त्या दिवशी उत्तर नको होते, दुजोरा हवा होता. त्यांनी सगळी हकिकत सांगितली आणि म्हणाले, "तुम्हीच सांगा गुरुजी. कुमुदची गाडी मी बँडवाल्याला देऊ? वरातीत मिरवायला?"

गुरुजींनी पाय हळूहळू लांब केले. "भालचंद्रा, तुझी ती गाडी मी इतकी वर्षं रस्त्याने जाता-येता पाहतोय. बसलो मात्र कधी नाही. मला एक फेरी मारून आणतोस?"

शेठजींना आश्चर्य वाटले, पण बरेही वाटले. गुरुजी एकदा बसले की त्यांनाही कळेल, ही काय चीज आहे. ते घाईने घरी गेले, दुहेरी गाठी सोडल्या, गाडी काढली आणि गुरुजींच्या दारात आणून उभी केली.

आता एक अडचण होती. गुरुजींचे गुडघे असे, आणि गाडी अशी. शेठजींनी क्षणभर शालीकडे पाहिले. मग मन घट्ट करून म्हणाले, "गुरुजी, तुम्ही पुढे बसा. मी शाल उचलतो."

"नको. मी मागे बसेन."

"अहो, मागे दार नाही. वाकून शिरावं लागतं. तुमच्या गुडघ्यांना..."

"शलाका कुठे बसते?"

"मागेच. पण ती तरणी आहे."

"मग मीही मागेच बसतो. तिच्याच वाटेने."

शलाकाची वाट म्हणजे शेठजींच्या बाजूची. कुमुदताईंची सीट नुसत्या बोटाने पुढे दुमडे, पण ती आता कोणी दुमडत नसे. शेठजींच्या सीटची कळ झिजलेली होती. चालवणाऱ्याने खाली उतरून, बाहेरून वाकून, बुडाशी हात घालून दाबली तरच ती सुटे. शेठजींनी ती दाबली. गुरुजी धोतर सावरत, एका हाताने छताला आणि दुसऱ्याने शेठजींच्या खांद्याला धरून, दोनदा थांबून, एकदाचे आत शिरले. मागे लहानशा तिकोनी काचा होत्या, न उघडणाऱ्या. शेठजींनी सीट मागे लोटली, ती खटकन बसली, आणि ते चाकामागे बसले. एवढा हट्ट कशासाठी, हे त्यांना उमगले नाही. म्हातारपणी माणूस लहान मुलासारखा होतो, असे म्हणून त्यांनी गाडी सुरू केली.

गाडी त्या दिवशी शहाण्यासारखी चालली. शेठजी नेहमीच्याच रस्त्याने गेले, नदीच्या बंधाऱ्याकडे. इंजिन जाम होऊ नये म्हणून दर रविवारी ते शलाकाला घेऊन इथेच येत. बंधाऱ्यावर करंजाचे एक झाड आहे. त्याच्याखाली त्यांनी गाडी थांबवली, पण ते उतरले नाहीत. इथे ते कधीच लगेच उतरत नसत. चाकावर दोन्ही हात ठेवून ते पाण्याकडे बघत राहिले, आणि थोड्या वेळाने बोलू लागले.

"पहिल्यांदा इथे आलो तेव्हा गाडी बंद पडली होती, गुरुजी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवी बायको, नवी गाडी. आणि ही पदर खोचून खाली उतरली आणि म्हणाली, तुम्ही चाक धरा, मी ढकलते. गाडी केवढी, ती केवढी. हसून हसून आम्ही दोघं..."

ते बोलत राहिले. कुमुदताईंनी बंधाऱ्यावर बसून सोललेल्या ओल्या भुईमुगाच्या शेंगा, पावसात गळणारी काच, शलाका तान्ही असतानाची पहिली फेरी. इतके ते तीन वर्षांत कुणाशी बोलले नव्हते. ऊन कलले, झाडाची सावली गाडीवरून सरकून पलीकडे गेली, आणि गाडीच्या छतावर ऊन आले, तरी त्यांच्या ते ध्यानात आले नाही. आरशात त्यांना मागची काच आणि तिच्यापलीकडचा रस्ता दिसत होता. त्यांच्या नेमके पाठीमागे बसलेले गुरुजी आरशात दिसत नव्हते.

कधीतरी ते थांबले. मागून हुंकारही येत नव्हता. शेठजी वळले.

गुरुजी घामाने भिजले होते. सदरा पाठीला चिकटला होता. दोन्ही गुडघे पुढच्या सीटला टेकून मुडपलेले, आणि त्यांवर हात घट्ट धरलेले. चेहरा शांत होता, पण पांढरा पडला होता.

शेठजी घाईघाईने उतरले, कळ दाबली, सीट दुमडली आणि गुरुजींना अक्षरशः उचलून बाहेर काढले. झाडाखाली बसवले, पाणी दिले. 

"गुरुजी, अहो, सांगायचं नाही का? एक हाक मारायची. मी बसल्या बसल्या बोलतोय काय, आणि तुम्ही तिथे..."

गुरुजींनी पाण्याचा दुसरा घोट घेतला. "तू तिच्याबद्दल बोलत होतास. मधे कसं बोलायचं?"

"म्हणून इतकं सोसायचं? उजवीकडची सीट दुमडून उतरायचं तरी. ती बोटाने सरकते."

"हात पुढे केला होता मी. पण वर शाल होती. मागे घेतला."

शेठजींनी वळून गाडीतल्या शालीकडे पाहिले.

"मागच्या रविवारी," गुरुजी म्हणाले, "तुझी गाडी तेलाच्या घाण्यासमोर उभी होती. तू आत कुणाशी बोलत होतास. मी काठी टेकत चाललो होतो, तर मागच्या काचेतून शलाका दिसली. भर उन्हात बसलेली. म्हटलं, उतर की. तर म्हणाली, बाबा येतीलच इतक्यात. मी आत पाहिलं. पुढे एका सीटवर शाल होती, आणि दुसरी तुझी सीट, आतून न सुटणारी. मला तेव्हापासून पाहायचं होतं, तिथे बसल्यावर कसं वाटतं ते. आज पाहिलं."

 मग ते सावकाश, शाळेत शिकवत तशा आवाजात बोलले.

"भालचंद्रा, या गाडीला दोनच दारं आहेत. पुढे बसणाऱ्याला वाटतं, आपण आपल्या दुःखात बसलोय, कुणाला काय त्रास आहे. तो बसू दे की हवा तेवढा वेळ. पण मागे बसणाऱ्याला स्वतःचं दार नसतं. पुढचा उतरला, तरच त्याला उतरता येतं. आणि मागचा जर मायेचा असेल, तर तो हाकही मारत नाही. शलाका लहान होती तेव्हा तिला उतरायचं झालं, की आधी कोण उतरायचं?"

शेठजींना उत्तर आठवायला वेळ लागला नाही. गाडी थांबायचा अवकाश, कुमुद दार उघडून खाली उभी असे. पाऊस असो, चिखल असो, हातात डबे असोत. एका हाताने सीट दुमडायची आणि दुसरा हात आत करायची. त्या हाताला धरून शलाका उडी मारायची. ती सीट कुमुदने बसायला जितक्यांदा वापरली असेल, तितक्यांदाच शलाकासाठी दुमडली असेल.

"तिची सीट दुमडली, तर ती कुठे जात नाही," गुरुजी म्हणाले. "तिने ती कशासाठी दुमडली, तेवढं आठव." मग गुडघा चोळत म्हणाले, "आणि आता मला घरी ने. हे शलाकाला कळलं तर रविवारी माझी धडगत नाही."

परत येताना गुरुजी पुढे बसले. शेठजींनी शाल उचलून त्यांच्या मांडीवर दिली, आणि गुरुजींनी ती घरापर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवली.

त्या संध्याकाळी शलाका एसटीतून उतरली, तर स्टँडच्या फाटकाशी गाडी उभी, अंगावर ताडपत्री नाही आणि भोवती बघ्यांचा घोळका. ती घाबरलीच. "काय झालं, बाबा?"

"काही नाही. न्यायला आलो."

ती सवयीने डावीकडे, त्यांच्या बाजूला आली आणि सीट दुमडण्याची वाट पाहत उभी राहिली. शेठजी मात्र गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले होते. त्यांनी ते दार उघडले. तिथल्या सीटवर शाल नव्हती. ती मागच्या सीटवर, शलाकाच्या नेहमीच्या जागी ठेवलेली होती.

"इकडून बस," ते म्हणाले. "पुढे."

शलाका बराच वेळ त्या सीटकडे पाहत राहिली. मग बसली. गाडी बाजारपेठेतून बाहेर पडली. पुलावर आल्यावर शेठजींनी विचारले, "त्या पडद्यांचं कापड कुठे आहे गं?"

"आईच्या कपाटात. वरच्या फळीवर." तिने खिडकीबाहेर पाहत डोळे पुसले. "रंग जरा जुन्या पद्धतीचा आहे."

"असू दे. तिने पसंत केलाय."

दस्तगीर मास्तर गाडी न्यायला आले ते हार आणि नारळ घेऊनच. या वेळी शेठजींनी एकही उणीव सांगितली नाही. फक्त एक गोष्ट दाखवली. मास्तरांना डावीकडे नेले, खाली वाकवले आणि कळ कुठे दाबायची ते हाताला हात लावून समजावले. "करवल्या मागे बसतील," ते म्हणाले. "गाडी थांबली, की आधी पुढच्याने उतरायचं. विसरायचं नाही."

"शेठ, ही कळ मी आजच दुरुस्त करून घेतो की."

शेठजी थोडे थबकले. इतक्या वर्षांत हे त्यांना सुचले नव्हते. "करा," ते म्हणाले. "बरं होईल."

मग मास्तरांनी नारळ पुढे केला. "तुम्हीच वाढवा."

शेठजींनी तो शलाकाच्या हातात दिला. नारळ वाढवताना पाणी गाडीच्या नाकावर उडाले आणि मास्तरांच्या क्लॅरिनेटवाल्याने, कोणी सांगितले नसताना, लग्नातली एक सुरावट छेडली. गाडी गल्लीच्या वळणापर्यंत दिसत राहिली.

पुढे शेडमध्ये गवंडी लागले. भिंतीला रंग झाला, खाटा आल्या, जुन्या पद्धतीचे पडदे लागले. सगळे झाल्यावर शेठजींनी गवंड्याला मागच्या भिंतीपाशी नेले आणि खडूने एक चौकट आखली.

"इथे आणखी एक दार काढ."

गवंडी म्हणाला, "शेठ, पुढं एवढं मोठं दार आहे. माणसं आत येणार-जाणार त्यातूनच. मागं कशाला?"

"आत बसलेल्याला आपलं दार असावं," शेठजी म्हणाले.

आजही लग्नसराईत तिथून वरात जाते, तेव्हा शलाकाचे रोगी खिडकीशी येऊन पाहतात. फुलांनी झाकलेली लोणी रंगाची गाडी पावलापावलाने सरकत असते. कधी ती बंद पडते, आणि पोरे हसत हसत ढकलतात. शेठजी दुकान सोडून शेडसमोर येऊन उभे राहतात. गाडी पुढे जाईपर्यंत ते तिच्याकडे पाहतात. आणि मग, न चुकता, एकदा मागे वळून खिडकीतल्या शलाकाकडे पाहतात.